सोळा शून्यं

३ मार्च, सोमवार

पडली नाही! सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही नाही!

नोकरीला लागल्यापासून कॉम्प्युटरमधल्या या स्क्रिप्टने माझा जीव खाल्लाय. मी नवीन, ती जुनी, आणि ती लिहिणारा गृहस्थ केव्हाच दुसरीकडे निघून गेलेला. काम तसं साधं. कान तपासायच्या केबिनमध्ये माणूस बसतो. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. मशीन आवाज देतं — जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत आठ पट्ट्या, आधी उजव्या कानात, मग डाव्या. ऐकू आला की बटण दाबायचं. किती हळू आवाज ऐकू आला त्याचा आकडा मशीन फाइलमध्ये टाकतं. माझी स्क्रिप्ट ते सोळा आकडे उचलते, सरासरी काढते आणि खाली एक वाक्य छापते. 'श्रवण सामान्य', नाहीतर 'पुढच्या खोलीत भेटावे'. पुढच्या खोलीत मॅडम बसतात. कानांतलं त्यांना सगळं कळतं, कॉम्प्युटरमधलं काही नाही, आणि त्याचं त्यांना अजिबात दुःख नाही.

तर ही मध्येच पडते. सोळापैकी एखादा आकडा फाइलमध्ये आलाच नाही, की 'हे नाव मला माहीत नाही' म्हणते आणि हातपाय गाळून बसते. रिपोर्ट नाही. बाहेर बाकांवर माणसं चुळबुळ करतात, काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघते, आणि मॅडम आतून ओरडतात, 'राहू दे, मी हातानेच लिहिते!' ते 'राहू दे' मला फार लागतं.

आज डोकं चाललं. व्हेरिएबलना, म्हणजे आकडे ठेवायच्या डब्यांना, आधीच काहीतरी देऊन ठेवलं तर? म्हणजे डबा रिकामा सापडायलाच नको. स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ टाकली — सोळाही नावं एकापुढे एक, मध्ये बरोबरची चिन्हं, शेवटी शून्य. एका फटक्यात सोळा डब्यांत शून्य! आकडा आला तर शून्याच्या जागी जाऊन बसेल, नाही आला तर नाही. कुणी रडायचं कारण नाही.

जाताना मॅडम म्हणाल्या, 'आज तुमचं बाळ शांत होतं हं.' येताना बेकरीतून केक घेतला आणि एकटीने संपवला.

५ मार्च, बुधवार

आजही नाही पडली. उगाचच दोनदा उठून प्रिंटरपाशी जाऊन आले. कौतुक बघायला.

९ मार्च, रविवार

आईबाबांकडे गेले होते. दादा आधीच येऊन बसला होता, म्हणजे विषय ठरलेला.

बाबांचं विसरणं. दादाने पाढा वाचला. मोरीतला नळ सकाळभर वाहत राहिला, बाबा शेजारच्याच खोलीत. इस्त्री चालू राहिली, चादर जळली. 'बुधवारी माझ्याबरोबर बँकेत यायचंय' असं दादाने बजावून सांगितलं, बाबा 'बरं' म्हणाले, आणि बुधवारी हा दारात उभा तर बाबा मागे वर्कशॉपमध्ये रंधा मारत! हे सगळं चाललेलं बाबांच्या समोर. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, 'इस्त्रीला मी हातही लावला नव्हता.' दादाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बघ, हेही आठवत नाही.

आई बिचारी! एकेक गोष्ट त्यांना तीनतीनदा विचारते. 'चहा ठेवू का?' जरा वेळाने पुन्हा 'चहा ठेवू का?' आणि पुन्हा. आवाज चढत नाही, कपाळाला आठी नाही. माझा पारा केव्हाच चढला असता. आता तिला सवयच लागून गेलीय. मलाही आज तीनदा विचारलं, 'बस मिळाली का गं लगेच?' मी म्हटलं, 'आई, मी बाबा नव्हे.' ती हसली. मीही हसले.

खरा मुद्दा वर्कशॉपचा. बाबांनी जन्मभर लाकूड कापलं. आधी दुसऱ्यांच्या कारखान्यात, मग घरामागच्या खोलीत स्वतःचं करवतीचं मशीन घेऊन. अजूनही सकाळ झाली की तिथेच. कुणाचं स्टूल, कुणाची खिडकी, कुणाच्या दाराची फळी. दादा म्हणतो, इस्त्री बंद करायचं ज्याच्या लक्षात राहत नाही त्याच्यासमोर गरगर फिरणारं पातं? एक दिवस बोटं जातील. दादाचं चुकतंय असं म्हणता येत नाही, म्हणून तर आणखी राग येतो.

विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ते म्हणाले, आधी कान तपासून आणा, कान ठीक असले तर पुढे बघू. कान तपासायचे म्हणजे आमच्याकडेच! शनिवारी मी नेते म्हटलं. मनात म्हटलं, कानच खराब निघू देत. कानाला यंत्र तरी असतं.

१५ मार्च, शनिवार

शनिवारी मॅडम नसतात, नुसतं मशीन चालू असतं. बाबांना मीच केबिनमध्ये बसवलं. काचेतून बघत होते. फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. सुरुवातीला पटापट बटण दाबत होते. मग बराच वेळ काहीच नाही. बटणाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. मी खुणेनं सांगितलं, ऐका, ऐका. त्यांनी मान डोलावली.

बाहेर आले आणि म्हणाले, 'तुमच्याकडे फार शांत असतं गं ठकू. बरं वाटलं.'

प्रिंटरमधून कागद आला. दोन्ही कान — श्रवण सामान्य.

माझ्याच स्क्रिप्टचं वाक्य. इतक्या दिवसांत त्या वाक्याकडे नीट बघितलंच नव्हतं. बाकावर बसलेल्या माणसांना ते वाचून हायसं वाटतं, मला मात्र तो कागद फाडावासा वाटला. दादाला फोन केला. त्याने मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, 'म्हणजे डोकंच.'

बाबा शेजारीच उभे होते. हसले माझ्याकडे बघून. त्यांना वाटलं काहीतरी चांगली बातमी आहे.

१६ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही.

२४ मार्च, सोमवार

ऑफिसात एकच माणूस वैतागलेला — यंत्रवाला. कोपऱ्यातल्या खोलीत बसून लोकांना कानांची यंत्रं बसवून देतो. आज दार उघडं टाकून शब्दकोडं सोडवत बसला होता. 'माझी खोली ओस पडलीय, बाई. लोक बहिरे व्हायचे थांबले!' मॅडमही म्हणाल्या, हल्ली गर्दी तेवढीच पण आत येणारे कमी. सगळे जण बाहेरूनच 'सामान्य' घेऊन घरी जातायत. 'हवा चांगली असेल,' म्हणाल्या.

आम्ही तिघंही हसलो. स्क्रिप्ट पडत नाही. तेवढं एक काम तरी माझं सुरळीत चाललंय.

२ एप्रिल, बुधवार

विस्मरणाचे डॉक्टर. माणूस चांगला, पण तोंडातल्या तोंडात बोलणारा आणि सारखा कागदात डोकं घालणारा. बाबांना तीन शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाले, मघाचे तीन शब्द सांगा. बाबांनी सांगितले तीन. तिन्ही भलतेच. दादाने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी आमचा रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. 'कान तर तरुण माणसासारखे आहेत यांचे.' मग औषध लिहून दिलं, आणि मशीनवर काम बंद, आजपासून.

घरी आल्यावर दादा किल्ली कशी मागावी याच्या विचारात उभा होता. बाबांनीच खिशातून जुडगा काढला, वर्कशॉपची किल्ली वळवून वळवून सोडवली आणि टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. एवढं बरोबर कळलं त्यांना! मग आत जाऊन कॉटवर पडले, दिवसाउजेडी, बूट घालूनच.

करवतीचं मशीन विकत घ्यायला माणूस येतोय, १३ तारखेच्या रविवारी. दादाला रविवार सोयीचा. ते दारातून बाहेर पडलं की बाबा सकाळी उठून जाणार कुठे? मला बसमध्ये रडू आलं, सगळ्यांदेखत. एका बाईने रुमाल पुढे केला. मी 'सर्दी' म्हटलं.

६ एप्रिल, रविवार

झोपण्याआधी हे लिहून ठेवायलाच हवं.

बाबांना ताप. आईने थर्मामीटर दिला, तो आकडे दाखवणारा, तोंडात धरायचा. मी टेबलाशी भाजी निवडत होते, दादा बिलं लावत होता. थर्मामीटर वाजला. टीं टीं टीं टीं, बारीक, कानात सुई घातल्यासारखा. बाबा तसेच बसलेले. थर्मामीटर तोंडात, हात मांडीवर. वाजून वाजून थांबला. बाबा बसलेलेच.

दादा हळूच म्हणाला, 'बघ. तोंडात काय आहे तेही विसरले.'

मी भाजी खाली ठेवली. विसरले? अहो, ते वाट बघतायत! ते वाजण्याची वाट बघतायत! डोळे वळवून थर्मामीटरच्या टोकाकडे बघायचा प्रयत्न करत होते, नाकापर्यंत तिरळे झालेले. विसरलेला माणूस असा बघतो का?

मी उठून त्यांच्या तोंडातला काढला, बटण दाबलं, पुन्हा दिला. वाजला तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून बघत होते. पापणी हलली नाही. मी बोटाने खूण केली, झालं. त्यांनी लगेच काढून दिला, शहाण्या मुलासारखा.

फ्रिजवर दादाने रिपोर्ट चिकटवून ठेवला होता. दोष डोक्याचाच आहे याचा पुरावा म्हणून. मी तो काढून बघितला. खालच्या जाड पट्ट्या — पंधरा, वीस, वीस, पंचवीस. वरच्या बारीक पट्ट्या — शून्य, शून्य, शून्य, शून्य. डावा कानही तसाच. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

कानाच्या हिशेबात शून्य म्हणजे नापास नव्हे. शून्य म्हणजे पहिला नंबर! अगदी हळू, पानावर पान पडल्याइतका आवाज ऐकू येतो, असा त्याचा अर्थ. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर काढून सांगितलं होतं. माहीत असून माझ्या बोटांनी मात्र शून्य म्हणजे काहीच नाही असंच धरलं.

जन्मभर करवतीपाशी उभा राहिलेला माणूस, त्याला बारीक आवाज शून्यावर ऐकू येतो? आणि थर्मामीटर येत नाही?

कुणाला काही बोलले नाही. उद्या सकाळी पहिलं काम ते.

७ एप्रिल, सोमवार

ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. झाडणाऱ्या मावशींनी आत घेतलं.

मशीनची मूळ फाइल उघडली. बाबांची. खालच्या पट्ट्यांपुढे आकडे आहेत. वरच्या पट्ट्यांपुढे आकडा नाहीच, दोन शब्द आहेत. 'उत्तर नाही.' म्हणजे मशीनने आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला आणि बाबांनी बटण दाबलंच नाही. स्क्रिप्टला हवा होता आकडा. शब्द दिसल्यावर ती पुढे गेली. डब्यात माझं शून्य तसंच राहिलं, आणि छापून आलं पहिला नंबर म्हणून!

जेवढा माणूस बहिरा तेवढी शून्यं जास्त. जेवढी शून्यं जास्त तेवढा रिपोर्ट झकास. ठार बहिऱ्या माणसाला तर मी बक्षीसच दिलं असतं.

आणि आता कळलं, आधी ती कोणासाठी पडत होती ते! ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यासाठीच पडत होती. पडली की मॅडम हाताने लिहायच्या, हाताने लिहिताना त्या माणसाकडे बघायच्या. मी तिचं पडणं बंद केलं आणि त्या माणसांना बाहेरून बाहेर घरी पाठवलं. यंत्रवाला शब्दकोडी सोडवत बसला. हवा चांगली म्हणे!

मॅडम आल्या आल्या सांगितलं, पर्स खांद्यावरून उतरायच्या आत. वाटलं होतं आता हाकलतील. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, पुसला, घातला. 'किती जण असतील?' म्हटलं, 'मूळ फाइली सगळ्या आहेत. आज काढून देते.' 'आणि तुमचे वडील?' मी मान हलवली. मग म्हणाल्या, 'तुमच्या शून्यांवर मीही डोळे झाकून विश्वास ठेवला ना? मला तरी कुठे सुचलं विचारायचं, की साठीच्या पुढची माणसं एवढी कशी ऐकतायत? आता रडत बसू नका. त्यांना उद्या घेऊन या. मशीनवर नाही, मी तपासते.'

८ एप्रिल, मंगळवार

बाबा बहिरे आहेत!

बाबा बहिरे आहेत, बाबा बहिरे आहेत! असं वहीत लिहिताना कुणी बघितलं तर काय म्हणेल. म्हणू दे.

मॅडमनी बराच वेळ घेतला. आधी शिट्ट्या, मग शब्द. तोंडापुढे कागद धरून बोलल्या तर बाबा काहीही सांगायचे. कागद काढला की बरोबर. ओठ वाचतात, म्हणाल्या, आणि ते स्वतःलाही माहीत नाही. जाड आवाज ऐकू येतात म्हणून वाटतं ऐकतायत. बारीक आवाज गेलेले, दोन्ही कानांचे, बऱ्याच वर्षांपूर्वीच. करवतीने खाल्ले. शब्दांचा अर्धा भाग त्या बारीक आवाजांतच असतो. अर्धा येतो, उरलेला बाबा आपल्या मनाने भरतात आणि 'बरं' म्हणून टाकतात.

आणि मग शेवटी मॅडमनी समोर बसून, मोठ्यांदा, सावकाश तीन शब्द सांगितले. इकडचं तिकडचं विचारलं. यंत्रवाल्याला बोलावून ओळख करून दिली. पुन्हा विचारले तीन शब्द.

बाबांनी तिन्ही सांगितले. वर म्हणाले, 'यांच्या टेबलाचा डावा पाय झिजलाय, खाली पाचर ठोकायला हवी.'

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदाने. छातीवरचा धोंडा उतरला. बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, 'काय झालं, बाळ?' म्हटलं, 'माझे वडील बहिरे निघाले!' ते बिचारे दचकले. 'होतं असं,' म्हणाले.

दादाला फोन केला. 'अभिनंदन. बाबा बहिरे आहेत.' त्याला आधी कळेचना. मग सगळं सांगितलं — शून्यं, फाइल, कागद, तीन शब्द. तो अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, 'म्हणजे मी त्यांच्यासमोर जे जे बोललो...' मी म्हटलं, 'त्यातलं अर्धंअधिक ऐकूच आलं नाही रे त्यांना.' आणि दोघंही हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना.

नळाचंही कोडं सुटलं. वाहतं पाणी ऐकूच येत नाही तर बंद कोण करणार? बँकेचंही सुटलं. इस्त्रीचं — जाऊ दे, एखादी गोष्ट कुणाच्याही हातून होते.

११ एप्रिल, शुक्रवार

ती शून्यांची ओळ उडवली. सोळा वेगवेगळ्या ओळी लिहिल्या, एकेका नावासाठी एक, आणि शून्याऐवजी 'काहीच नाही'. शून्यही नाही, रिकामं वाक्यही नाही. या भाषेत त्यासाठी वेगळी किंमत आहे, फक्त एवढंच सांगणारी, की अजून माहीत नाही. ती मला पहिल्याच धड्यात शिकवलेली होती. मला वाटायचं, असल्या निरुपयोगी गोष्टी पुस्तकवाले पानं भरायला घालतात.

चालवली. सरासरीपाशी आली आणि धाडकन पडली. 'माहीत नाही' आणि वीस यांची बेरीज मला येत नाही, म्हणाली. इतकं बरं वाटलं! पड बाई, खुशाल पड. तुला येत नाही हे तू सांगतेस तेवढं पुरे. आता जिथे आकडा नाही तिथे ती छापते 'उत्तर नाही, मॅडमना भेटावे', आणि सरासरी काढतच नाही.

मॅडमनी पेशंटना स्वतः फोन केले. बरेचसे हसले, म्हणाले, आम्हाला वाटतच होतं. एक बाई मात्र रागावल्या. त्यांच्या सुनेने त्यांना महिनाभर 'नाटकी' म्हटलं होतं, आमचा कागद दाखवून. त्या फोनवर मी स्वतः माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'माफी राहू दे, आता सुनेला कागद द्या.' दिला. मोठ्या अक्षरात.

यंत्रवाल्याच्या दारात आज रांग होती. शब्दकोडं अर्धं राहिलं म्हणून कुरकुरत होता.

१३ एप्रिल, रविवार

मशीन घेणारा टेम्पो घेऊन आला. दादा फाटकातच आडवा झाला. 'माफ करा, मशीन द्यायचं नाही.' तो भडकला. टेम्पोचं भाडं, रविवार, शब्द दिला होता वगैरे. दादाने सगळं ऐकून घेतलं. असा दादा मी बघितला नव्हता.

मग आत येऊन बाबांच्या समोर बसला, तोंडासमोर तोंड, आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. काही बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बाबा म्हणाले, 'ऐकू आलं नाही. मोठ्यांदा बोल.' आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा. मग तिने विचारलं, 'कसली रे ती किल्ली?' दादाने सांगितलं, वर्कशॉपची, आई.

२६ एप्रिल, शनिवार

यंत्रं बसली! दोन, कानामागे, केसांत दिसतही नाहीत. यंत्रवाल्याने चालू केली आणि बाबा खुर्चीतच मागे सरकले. म्हणाले, 'हा कसला आवाज?' पंखा होता. 'आणि हा?' माझा ड्रेस, मी वळले तर त्याचं कापड.

घरी येईपर्यंत रस्ताभर तक्रारी. बस किती ओरडते. माणसं किती बोलतात. चपला किती वाजतात. वर्तमानपत्र उघडलं आणि मिटलं, पुन्हा उघडलं. 'कागद एवढा बोलतो होय!' मग वर्कशॉपमध्ये गेले. मी मागोमाग. मशीन चालवताना यंत्रं काढून कानात बोळे घालायचे, असं मॅडमनी बजावलंय, तेव्हा मशीन नाहीच लावलं. नुसता रंधा घेतला आणि एका फळीवर फिरवला. सर्रकन सालपट निघालं. थांबले. पुन्हा फिरवला. 'हा आवाज विसरलोच होतो मी,' म्हणाले. एवढा एकच विसर निघाला त्यांचा.

आई दारातून बघत होती. 'आता मला ओरडावं लागणार नाही,' म्हणाली. मी म्हटलं, 'तू कधी ओरडलीस? तू तर नुसती पुन्हा पुन्हा विचारायचीस.' तिला मिठी मारावीशी वाटली, मारली. इतकी वर्षं न कंटाळता! बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घरी येऊन ताणून दिली, सकाळपर्यंत.

४ मे, रविवार

बाबांचा फोन. वर्कशॉपमधून, दार लावून घेऊन.

'ठकू, तुला एक सांगायचंय. मला आता पहिल्या वेळीच ऐकू येतं. तुझी आई विचारते, चहा ठेवू का. मी हो म्हणतो. ती बरं म्हणते. आणि मग पुन्हा विचारते, चहा ठेवू का.'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'मला वाटायचं, माझ्यासाठी विचारते.'

आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. आईच्या नावापुढे 'ठीक' असं कधी लिहून टाकलं, कुणी, आठवतही नाही. मोजलं तर कुणीच नव्हतं. आता काय लिहू? माहीत नाही.

बाबांनी त्याच विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, आईसाठी, गुरुवारची. मी म्हटलं, मी रजा काढून येते. बाबा म्हणाले, 'ये, पण आत मी जाणार तिच्याबरोबर. डॉक्टर काय म्हणतात ते आता मला ऐकू येईल.'